मला पडलेले स्वप्न आणि त्याचा अर्थ

यंदाच्या अंकासाठी लेख द्यायचा म्हणून मी 'स्वप्न' हा विषय सांगितला, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "कोण दिसला गं?" त्यांची निराशा होईल हे आधीच सांगून ठेवते. माझ्या स्वप्नात कोणी राजपुत्र नव्हता. पिठाची गिरणी होती.

आमच्या घरात स्वप्नांची दखल घेतली जाते ती आजीमुळे. आमचे गाव घाटाखालचे, खामगाव तालुक्यातले. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या आजी प्रत्येकाला विचारणार, "रातच्याला काही दिसलं का?" तिच्याजवळ प्रत्येक गोष्टीचा अर्थ तयार असतो. साप दिसला तर महादेवाचा नवस राहिला आहे. सोने दिसले तर नुकसान, आणि घाण दिसली तर पैसा. पहाटेचे स्वप्न खरे होते, रात्रीच्या पहिल्या झोपेतले वाऱ्यावर जाते. वाईट स्वप्न कोणाला सांगण्याआधी अंघोळ करावी. हे सगळे तिला तिच्या आईने सांगितले आणि तिच्या आईला कोणी सांगितले ते आता कोणाला ठाऊक? पंचांगात स्वप्नफलांचे एखादे पान सापडते तेही याच जातीचे. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला फळ.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना ही रीत नवी वाटणार नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आपण सर्व जाणतोच. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, पान-सुपारी, करंजी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला, पान जागेवर आहे की नाही, हे पाहून पीकपाण्याचे आणि राजकारणाचे भाकीत करतात. माझे बाबा दरवर्षी ते भाकीत ऐकतात आणि दरवर्षी जे पेरायचे तेच पेरतात. सांगायचा मुद्दा असा की, घटमांडणी काय किंवा आजीचे स्वप्न काय, दोन्हींची नजर पुढे, उद्याकडे असते. मी ज्या पद्धतीविषयी लिहिणार आहे तिची नजर मागे असते. स्वप्नावरून उद्या काय होईल ते कळत नाही. काल काय झाले, आणि त्यातले आपण स्वतःपासून काय लपवले, ते मात्र कधी कधी कळते.

हा विचार पश्चिमेकडूनच आला असे मात्र समजू नये. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढे होणाऱ्या गोष्टीचे सूचक आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे. यांपैकी पहिली पाच निष्फळ, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. निष्फळ म्हणजे त्यांवरून भविष्य पाहू नये. मला हे वाचून आश्चर्य वाटले. इतक्या जुन्या काळच्या वैद्याने सातांपैकी पाच स्वप्ने भविष्याच्या हिशोबातून काढून टाकली! 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपली म्हणही हेच सांगते. बृहदारण्यक उपनिषदात तर म्हटले आहे की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. ते सारे पाहणारा स्वतःच निर्माण करतो. आपणच नाटक लिहिणार, आपणच नट आणि आपणच प्रेक्षक. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की आपणच लिहिलेले नाटक आपल्यालाच का कळू नये?

या प्रश्नाला हात घातला तो व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड या डॉक्टरने. त्याचा स्वप्नांचा अर्थ लावणारा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला, पण प्रकाशकाने त्यावर १९०० हे वर्ष छापले. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती खपायला आठ वर्षे लागली. (आपल्याकडच्या कवींनी धीर सोडू नये!) फ्रॉइडचे म्हणणे थोडक्यात असे. जे स्वप्न आपल्याला आठवते तो त्याचा प्रकट आशय. त्याच्या मागे एक सुप्त आशय असतो. तो उघडपणे पुढे आला तर आपली झोप मोडेल, म्हणून तो वेषांतर करून येतो. या वेषांतराच्या दोन युक्त्या मुख्य आहेत. संक्षेपणात दोन-तीन माणसे किंवा दोन-तीन जागा एकात मिसळून येतात. विस्थापनात जी गोष्ट मनाला खरोखर टोचते ती कोपऱ्यात पडून राहते आणि एखाद्या क्षुल्लक वस्तूवर सारी भीती जाऊन बसते. शिवाय प्रत्येक स्वप्नात आदल्या एक-दोन दिवसांतला काहीतरी बारीकसा धागा असतोच.

अर्थ लावण्याची त्याची रीत आजीच्या अगदी उलट आहे. स्वप्न अखंड घ्यायचे नाही. त्याचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यापाशी थांबून मनात जे जे येईल ते काहीही न गाळता बोलायचे किंवा लिहायचे. याला मुक्त साहचर्य म्हणतात. साप म्हणजे अमुक, असे येथे चालत नाही. तुमच्या सापाचा अर्थ तुमच्याजवळ, माझ्या सापाचा माझ्याजवळ. (फ्रॉइडने पुढे काही प्रतीकांचे ठरीव अर्थ दिले हे खरे. परंतु मला त्याचा तो भाग आजीच्याच वळणावर गेलेला वाटतो.)

आम्हाला द्वितीय वर्षाला मानसशास्त्र विषय आहे. सरांनी हा भाग शिकवला तेव्हा मी वहीत मुद्दे उतरवून घेतले आणि परीक्षेपुरते पाठ केले. तोवर मला एकच स्वप्न दोनदा पडून गेले होते, पण पुस्तकातले स्वप्न आणि आपले स्वप्न यांचा काही संबंध असेल असे मनातही आले नाही. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. पुस्तकात लिहिलेले असते ते दुसऱ्या लोकांबद्दल असते, अशी आम्हा लोकांची एक सवय असते. तिसऱ्यांदा ते स्वप्न पडले तेव्हा मात्र मी उठून मोबाईलच्या उजेडात ते वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले. ते असे :

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. पण ग्रंथालय म्हणजे आमच्या गावची पिठाची गिरणी आहे. पट्टा फिरतो आहे, पीठ उडते आहे. खिडकीच्या आत कोणीतरी आहे, चेहरा दिसत नाही. ते ओळखपत्र मागतात. मी पिशवीत हात घालते तर पाटी निघते, एका कोपऱ्याला फुटलेली. पाटीवर एकच अक्षर आहे आणि ते मला वाचता येत नाही. मला फार भीती वाटते. माझ्यामागे रांग आहे. रांगेत बाबा आहेत, डोक्यावर ज्वारीचा डबा. ते मला म्हणतात, "मॅडम, आमचा नंबर कधी येईल?" मी त्यांच्याकडे पाहत नाही. पुढ्यात पाहत म्हणते, "सही करा." भिंतीशी एक काळी छत्री उघडी ठेवलेली आहे, तिच्यातून पाणी गळते आहे. तेवढ्यात जाग आली.

बस, इतकेच. वाचकांपैकी कोणाला यात काही विशेष वाटणार नाही. मला दरदरून घाम फुटला होता.

मी आधी जो अर्थ लावला तो सांगते, कारण तो चुकला आणि कसा चुकला हे कळणे महत्त्वाचे आहे. मला वाटले, सोपे तर आहे. खेड्यातली मुलगी, तिला कॉलेजमध्ये परके वाटते. ओळखपत्र नाही म्हणजे येथे आपले स्थान नाही. अक्षर वाचता येत नाही म्हणजे नापास होण्याची भीती. गरिबी, संघर्ष, जिद्द. हा अर्थ मला इतका आवडला की त्यावर एक कविताही लिहिली. ती मी या अंकासाठी दिली नाही, याबद्दल संपादक मंडळाने माझे आभार मानावेत. दोन-तीन दिवसांनी वही पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आले की माझ्या अर्थात बाबा कुठेच नव्हते. स्वप्नात होते, अर्थातून गळाले. आणि त्या अर्थात मी फार चांगली मुलगी होते.

तेव्हा फ्रॉइडचे स्वतःचे एक स्वप्न आठवले. २४ जुलै १८९५ च्या पहाटे त्याला इर्मा नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या एका रुग्ण स्त्रीचे स्वप्न पडले. तिला अजून बरे वाटत नव्हते आणि आदल्या दिवशी एका डॉक्टर मित्राने ते त्याला जरा खोचक स्वरात ऐकवले होते. स्वप्नात कोणकोणते डॉक्टर येतात, तिला तपासतात आणि शेवटी दोष निघतो तो त्या मित्राने अस्वच्छ सुईने दिलेल्या इंजेक्शनचा. फ्रॉइडने या स्वप्नाचे तुकडे करून पानेच्या पाने लिहिली आणि निष्कर्ष काढला की आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून मनाने केलेली ही वकिली होती. तिच्या दुखण्याला ती स्वतः कारण, तिचे वैधव्य कारण, मित्राचे इंजेक्शन कारण, मी सोडून सगळे कारण! तो एका माणसाची गोष्ट देतो. शेजाऱ्याने त्याच्यावर किटली फोडल्याचा आरोप केला. तो म्हणाला, एक तर मी ती धड परत केली. दुसरे, मी नेली तेव्हाच तिला भोक होते. आणि तिसरे, मी किटली नेलीच नाही. आमच्या गल्लीत अशी भांडणे घमेल्यावरून आणि फवारणीच्या पंपावरून मी पुष्कळ ऐकली आहेत. पण स्वतःच्या मनात तोच शेजारी बसलेला असेल हे कोणाला सुचते?

म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एका पानावर एकच तुकडा.

गिरणी. लहानपणी ज्वारीचा डबा घेऊन मी रांगेत उभी राहायची. दळण झाले की केसांवर, भुवयांवर पीठ. बाबा म्हणायचे, "बुढी झाली माही पोरगी." गिरणीत सगळ्यांचा नंबर सारखा, पाटलांचा डबा आधी आला तर आधी, आमचा आधी आला तर आमचा. ग्रंथालयाच्या खिडकीपाशीही तशीच रांग असते. येथपर्यंत संक्षेपण ठीक जुळले. माझ्या दोन रांगा एक झाल्या होत्या. एक मी सोडून आलेली, एक मी जिच्यात शिरलेली.

पाटी. येथे पेन थांबले. ती पाटी आमच्या घरात खरोखर होती. मी चौथीत असताना बाबा सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर अंगठा देऊन आले. अंगठ्याची निळी शाई दोन दिवस गेली नाही, आणि ते जेवताना तो अंगठा आत दुमडून घ्यायचे. मी शाळेत पहिल्या नंबरात असल्याने मोठ्या तोऱ्यात म्हटले, मी शिकवते तुम्हाला सही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज रात्री ओट्यावर बसून आम्ही ती पाटी गिरवली. बाबांच्या नावाचे पहिले अक्षर 'ज्ञ'. ते काही केल्या त्यांच्या हाती येईना. नांगर धरणारा हात, पेन्सिल मोडायची. एकदा रागाने त्यांनी पाटी आपटली, तिचा कोपरा उडाला तो तसाच राहिला. जूनमध्ये त्यांना सही आली. चौथीतल्या मुलीने शिकवलेली, म्हणून चौथीतल्या मुलीच्याच वळणाची. अक्षरे सुटी सुटी, गोल गोल, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, डावीकडून उजवीकडे. ती सही त्यांनी सोसायटीत केली, बँकेत केली, माझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर केली.

पाटीवरचे जे अक्षर मला वाचता येत नव्हते ते 'ज्ञ' होते. हे लिहिताना कळले. स्वप्नात मुळीच कळले नव्हते.

"सही करा." येथे मी वही मिटली आणि विहिरीवर पाणी आणायला गेले. घरी नळ आहे, तरी गेले. यावरून वाचकांनी काय ते समजावे.

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी पालकांचे संमतिपत्र भरून द्यायचे होते. बाबा नाही म्हणाले असते असे नाही. त्यांना तोंडी विचारून झाले होते, हो म्हणाले होते. कागद घरी न्यायचा, ओट्यावर बसायचे, त्यांनी सही करायची, एवढेच काम. तो कागद मी घरी नेलाच नाही. बसस्थानकाच्या बाकावर बसून त्यांची सही मीच केली. आणि त्यांच्यासारखी केली नाही. साहेब लोक करतात तशी केली. अक्षरे एकात एक गुंतवून, खाली लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबे. घाई होती असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की माझ्या आधी ज्या मुलीने कागद दिला होता तिच्या वडिलांची सही मी पाहिली होती, इंग्रजीतली आणि फर्राटेदार. बाबांची ती गोल गोल सही मला तिच्या कागदाखाली ठेवायची नव्हती.

म्हणजे स्वप्नात मला ओळखपत्र नव्हते असे नाही. ओळख मी दिली नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या बापाला. आणि पाटीवर जाऊन बसलेली भीती खरी कुठली होती ते आता सांगायला नको. यालाच विस्थापन म्हणतात, असे मी परीक्षेत चार गुणांसाठी लिहून आले होते.

'मॅडम' हा शब्द कोठून आला तेही सापडले. शिबिराला गेलो त्या गावात एक म्हातारे गृहस्थ आम्हा मुलींना 'मॅडम, मॅडम' म्हणत होते. मला ते गोड वाटले होते. आदल्या दिवसांतला धागा म्हणतात तो हाच असावा, जरी तो पहिल्या स्वप्नाच्या वेळचा होता.

फ्रॉइडच्याच ग्रंथातले आणखी एक स्वप्न येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचे वडील १८९६ च्या ऑक्टोबरात वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या सुमारास त्याला स्वप्नात रेल्वे स्टेशनवर लावतात तशी छापील पाटी दिसली. तीवर 'कृपया डोळे मिटावेत' अशा अर्थाचा मजकूर होता. अंत्यविधी त्याने वडिलांच्या इच्छेप्रमाणे साधेपणाने केला होता आणि काही नातेवाइकांना ते आवडले नव्हते. डोळे मिटावेत, म्हणजे मुलाने मेलेल्या बापाचे डोळे मिटण्याचे कर्तव्य करावे, आणि डोळे मिटावेत, म्हणजे झाले-गेले त्याकडे डोळेझाक करावी. दोन्ही अर्थ एका वाक्यात. हा ग्रंथ म्हणजे वडिलांच्या मृत्यूने माझ्यात जे उठले त्याचा भाग होता, असे त्याने १९०८ साली दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिले. एवढा मोठा माणूस, त्यालाही बापाच्या हिशोबातून सुटका नव्हती, हे वाचून मला जरा बरे वाटले हे कबूल करते.

पण आपल्या मराठी माणसाला स्वप्नासाठी व्हिएन्नाला कशाला जायला हवे? तुकाराम महाराजांना गुरू भेटले ते स्वप्नात. त्यांनी स्वतःच अभंगात हे सांगितले आहे. वाटेत, नदीच्या स्नानाला जाताना गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, आपले नाव बाबाजी सांगितले, 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला. दिवसही दिला आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. कीर्तनात आपण एवढेच ऐकतो. परंतु त्या अभंगात एक बारीक गोष्ट आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. पुढे काय अडथळा आला कोण जाणे, गुरू घाईने निघून गेले, अशी चुटपुटही तेथेच आहे.

पावशेर! गुरूने शिष्याला 'थोडे तूप दे' असे म्हटले नाही. माप सांगितले. तुकारामांच्या घरी वाण्याचे दुकान होते, महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात दुकान बसले, पहिली बायको अन्नावाचून गेली. ज्याचे सारे तरुणपण तराजू आणि मापांत गेले आणि ज्याच्या घरात ऐन वेळी द्यायला काही उरले नाही, त्याच्या स्वप्नात गुरूसुद्धा गिऱ्हाईक होऊन माप सांगतो आणि ते द्यायचे राहून जाते. हा अर्थ माझा आहे, कोणा पंडिताचा नाही. वारकरी मंडळींना तो मानवेल असेही नाही, आणि गुरुकृपेला त्याने काही उणेपणा येतो असे मला वाटत नाही. उलट मला वाटते, इतक्या मोठ्या प्रसंगात तुकारामांनी ते राहून गेलेले पावशेर तूप लपवले नाही, अभंगात घातले, याच्याइतका प्रामाणिकपणा कुठे मिळेल? नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कविता करण्याचे काम लावून गेले, असा त्यांचा दुसराही अभंग आहे. तेथे तर राहिलेले काम पुरे करण्याची आज्ञा आहे. देणे, राहिलेले, बाकी, हे सगळे शब्द दुकानातलेच नव्हेत काय?

त्याच काळातल्या संत बहिणाबाईंची गोष्ट वेगळी आहे. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या वैजापूर तालुक्यातील शिऊरच्या, १६२८ ते १७०० च्या.) कोल्हापुरास असताना त्यांना लळा लागलेले एक वासरू मेले, त्या शुद्ध हरपून पडल्या आणि पुढे तुकारामांनी स्वप्नात उपदेश केला असे त्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगतात. नवरा वैदिक ब्राह्मण. शूद्र गुरूचे नाव बायकोच्या तोंडी आलेले त्याला खपले नाही. त्याने मारहाण केली, घर सोडून जाण्याची भाषा केली. जागेपणी ज्या लहान मुलीला कोणताच निवाडा करण्याची मुभा नव्हती, तिने आपला निवाडा झोपेत केला आणि जागी झाल्यावर तो सोडला नाही. पुढे ते कुटुंब देहूला गेलेच. स्वप्न नेहमी लपवतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. फ्रॉइडचा नियम येथे मला तोकडा वाटतो.

विज्ञानानेही फ्रॉइडचे पुष्कळ म्हणणे मोडीत काढले आहे हे सांगितले पाहिजे. १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी शोधून काढले की झोपेत ठराविक वेळाने मिटल्या पापण्यांआड बुबुळे झपाट्याने हलतात, आणि त्या वेळी माणसाला जागे केले तर बहुतेक वेळा तो स्वप्न सांगतो. सुमारे नव्वद मिनिटांच्या अंतराने, रात्रीतून चार-पाच वेळा ही अवस्था येते. म्हणजे मला स्वप्नच पडत नाही असे म्हणणाऱ्यालाही ती पडतात, आठवत नाहीत इतकेच. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी मांडले की मेंदूच्या तळाशी उठणाऱ्या वेड्यावाकड्या संदेशांना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न. त्यात गुप्त इच्छा वगैरे काही नाही. दुसरीकडे कॅल्विन हॉलसारख्यांनी हजारो स्वप्ने गोळा करून मोजदाद केली आणि त्यांना दिसले ते असे की स्वप्ने जागेपणीच्याच काळज्या पुढे चालवतात. आमच्या म्हणीपेक्षा हे फारसे वेगळे नाही.

मग माझे स्वप्न म्हणजे मेंदूतली नुसती खळबळ असली तर? असू शकेल. मी यावर बराच विचार केला. समजा, गिरणी, पाटी, छत्री हे सारे आपोआप उसळले. तरी पाटीच्या तुकड्यापाशी थांबल्यावर मला जे आठवले ते घडलेले होते, आणि सही मी केलेली होती. सुईने काटा काढावा, मग सुई कोणत्या कारखान्यात झाली ते कळले नाही तरी काटा निघालेला असतो. एवढे मात्र खरे की स्वप्नाचा अर्थ बरोबर लागला याला पुरावा देता येत नाही. माझ्यापुरती खूण एकच, की पहिला अर्थ लागला तेव्हा कविता झाली आणि दुसरा लागला तेव्हा मला पाणी आणायला जावे लागले.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी मी बाबांना सांगितले. ओट्यावर ते दोर वळत बसले होते. स्वप्नाचे काही बोलले नाही, सरळ सहीचेच सांगितले. बसस्थानकाचा बाक, ती दोन टिंबे, सगळे. का केले तेही सांगितले. ते सांगताना आवाज नीट निघाला नाही. बाबा काही वेळ दोर वळत राहिले. मग म्हणाले, "कशी केली माही सही? काढून दाखव बरं."

मी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली. त्यांनी पान लांब धरून पाहिले.

"'ज्ञ' तं चांगला काढला तू," ते म्हणाले, "पण हे खालची रेघ कायची व? मी तं वरूनच मारतो." आणि माझ्या हातातले पेन घेऊन त्यांनी त्याच्या खाली आपली सही केली. सुटी सुटी अक्षरे, शेवटी श्वास रोखून वरची रेघ. मग पेन परत दिले आणि दोर उचलला. त्यांना किती लागले ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत फारसे बोलले नाहीत, पण ते तसेही फार बोलत नाहीत.

राहता राहिली ती छत्री. तिच्यापाशी मी कितीदा थांबले, पानेही लिहिली, पण हाती काही लागले नाही. आमच्या घरात काळी छत्री कधी नव्हती. पावसात आम्ही पोत्याची खोळ घेणारे लोक. गिरणीतही छत्री पाहिल्याचे आठवत नाही. प्रत्येक स्वप्नात एक जागा अशी असते की तेथून पुढे उकल होत नाही, आणि फ्रॉइडने तिला स्वप्नाची बेंबी म्हटले आहे. शेवटी त्याच रविवारी रात्री जेवताना मी आजीला विचारले, की छत्री दिसली, उघडी, तिच्यातून पाणी गळत होते, तर काय होते?

आजीने क्षणभरही विचार केला नाही. "ओली छत्री होय? मंग पाऊस येईन. त्यात काय इचारतं!"

हरभरा काढून खळ्यावर पडलेला होता. बाबांनी हात धुतले आणि ताडपत्री शोधायला उठले.